गाजराची पुंगी आणि संप्रेरकांचा सूर

गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असे म्हणून आपल्या वाडवडिलांनी गाजराचा हिशेब केव्हाच मिटवून टाकला होता. गेल्या काही वर्षांत मात्र ही पुंगी साऱ्या जगात नव्याने वाजू लागली आहे. पाळी अनियमित आहे? चेहऱ्यावर मुरमे येतात? पाळीआधी जीव नकोसा होतो? मग रोज एक वाटी कच्च्या गाजराचे सॅलड खा, संप्रेरके ताळ्यावर येतील, असा उपदेश मोबाइलच्या पडद्यावरून तरुण मुलींना अहोरात्र चालू असतो. कृती सोपी. गाजराचे लांब पातळ काप, त्यावर थोडे व्हिनेगर, खोबरेल किंवा ऑलिव्हचे तेल आणि मीठ. पनवेलच्या कोणाही गृहिणीला ही वाटी दाखवली तर ती म्हणेल, अहो, ही तर आमची कोशिंबीर! व्हिनेगरच्या जागी लिंबू पिळा, तेलाऐवजी ओले खोबरे आणि दाण्याचे कूट घाला, वर हिंग-मोहरीची चुरचुरीत फोडणी द्या, की झाले.

पण कोशिंबिरीला आपण कधी औषध म्हटले नव्हते. ते म्हणावे का, हा प्रश्न आहे. रोज कच्चे गाजर खाण्याच्या या सल्ल्याचा उगम रे पीट या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाकडे जातो. ऑरेगॉन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेले हे गृहस्थ २०२२ साली वारले. त्यांचे म्हणणे असे की, कच्च्या गाजरातील तंतू आतड्यातले जादा इस्ट्रोजेन अडवतात आणि शरीराबाहेर नेतात. हे म्हणणे हवेतून आलेले नाही. यकृत इस्ट्रोजेनवर प्रक्रिया करून त्यातला काही भाग पित्तावाटे आतड्यात सोडते. तेथील काही जिवाणू त्याची बांधणी सोडवतात आणि मोकळे झालेले इस्ट्रोजेन पुन्हा रक्तात शिरते. आहारात तंतू, म्हणजे आपला साधा चोथा, भरपूर असेल तर हे परत शिरणे कमी होते. १९८२ साली अमेरिकेत शाकाहारी व मांसाहारी स्त्रियांची तुलना झाली, तेव्हा शाकाहारी स्त्रियांच्या मलावाटे इस्ट्रोजेन अधिक बाहेर पडते आणि रक्तातले प्रमाण कमी असते, असे दिसून आले होते.

येथपर्यंत सारे ठीक. पुढची पायरी मात्र निसरडी आहे. त्या अभ्यासातल्या शाकाहारी स्त्रियांच्या पोटात रोज २८ ग्रॅम तंतू जात होते, तर मांसाहारी स्त्रियांच्या पोटात १२ ग्रॅम. शंभर ग्रॅम गाजरात तंतू असतात जेमतेम पावणेतीन ग्रॅम. म्हणजे सोळा ग्रॅमांचा हा फरक केवळ गाजराने भरून काढायचा, तर रोज अर्ध्या किलोहून अधिक गाजरे चावावी लागतील! शिवाय त्या स्त्रियांच्या आहारात स्निग्धांशही कमी होता. फरक पडला तो साऱ्या ताटामुळे, एका वाटीमुळे नव्हे. रोज गाजराची एक वाटी खाऊन संप्रेरकांचा तोल सावरतो, हे आजवर सिद्ध झालेले नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. इस्ट्रोजेन जितके कमी तितके बरे, हे गृहीतकच चुकीचे आहे. हाडे, हृदय, गर्भधारणा या सर्वांना ते हवे असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २५९ निरोगी तरुण स्त्रियांच्या पाळीच्या चक्रांची नोंद ठेवली होती. तंतू जास्त खाणाऱ्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन कमी आढळले, पण त्याचबरोबर बीजांडच न सुटणारी चक्रेही अधिक आढळली. याचा अर्थ भाज्या खाऊ नयेत असा अर्थातच नव्हे. अर्थ एवढाच की, संप्रेरके म्हणजे तुंबलेली मोरी नव्हे, की काही तरी ओतले आणि वाहती झाली.

शिवाय ज्या तक्रारींवर हा उपाय सुचवला जातो, त्यांचे मूळ अनेकदा जादा इस्ट्रोजेनमध्ये नसतेच. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील संशोधकांनी मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, रॉटरडॅम निकष लावले तर साडेबावीस टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. या विकारात गोंधळ असतो तो प्रामुख्याने पुरुषी संप्रेरकांच्या वाढीचा आणि इन्शुलिनला शरीराने दाद न देण्याचा. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की, पोषक आहार व व्यायाम जरूर हवा, पण अमुकच एक आहार दुसऱ्याहून सरस असल्याचा पुरावा नाही. थायरॉइड मंदावले असेल, तर तेथे गाजराचे काहीच चालत नाही. तेथे सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळीच लागते, आणि चोथ्याचे पदार्थ तिच्याबरोबर खाल्ले तर ती नीट शोषली जात नाही.

कोणी म्हणेल, नाही लाभले तर नाही, गाजरच आहे, मोडून खाल्ले! आपल्या म्हणीचा आधार येथेच तुटतो. पुंगी वाजेल म्हणून वाट पाहण्यात जे महिने जातात, ते मोडून खाता येत नाहीत. पाळी चार-चार महिने येत नाही आणि मुलगी वाटीभर गाजर खाऊन स्वतःची समजूत घालते. दुरुस्ती झाली नाही तर दोष पुन्हा तिचाच. सॅलड रोज खाल्ले नसेल, गाजर सोलायचे राहिले असेल, तेल चुकीचे असेल! मुलींना हे उपाय का पटतात, हेही समजून घेतले पाहिजे. ‘लग्न झाले की सगळे ठीक होईल’ हे वाक्य ज्यांना तक्रारीचे उत्तर म्हणून ऐकावे लागते, त्यांना निदान ऐकून घेणारा आणि काही तरी करायला सांगणारा पडदा जवळचा वाटला, तर नवल नाही.

गंमत अशी की, या वाटीत संप्रेरकांना खरोखर उपयोगी पडणारा एक घटक असू शकतो, आणि तो म्हणजे मीठ. थायरॉइडच्या संप्रेरकाचा तर कणच आयोडीनवाचून बनत नाही. १९५६ पासून हिमालयाच्या पायथ्याशी कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही भागांत आयोडीनयुक्त व एका भागात साधे मीठ देऊन पाहिले. आयोडीनच्या भागांत गलगंड झपाट्याने घटला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ पासून खाण्यासाठी बिगर-आयोडीन मिठाच्या विक्रीवर देशभर बंदी आहे. अन्नातून संप्रेरकांना आधार कसा द्यावा, याचे हे अस्सल उदाहरण. त्यामागे वर्षांची तपासणी आहे, तुलना आहे आणि एका विशिष्ट उणिवेवर नेमका उपाय आहे. आणि आज त्याच हौशी कृतींत आयोडीनचे मीठ बाजूला सारून गुलाबी सैंधव घातले जाते! मीठ जास्त खावे असे नव्हे. जे खायचे ते आयोडीनचे असावे, इतकेच.

पनवेलला तरी हा विवेक अवघड वाटू नये. १८७२ साली याच गावात धूतपापेश्वर औषधी कारखान्याची सुरुवात झाली. वैद्यकीची एवढी जुनी परंपरा ज्या गावाला आहे, त्याला हे सांगायला नको की, जाणता वैद्यसुद्धा आधी नाडी, प्रकृती, ऋतू, भूक सारे विचारतो आणि मगच पुडी बांधतो. सगळ्यांना एकच वाटी, हे ना आधुनिक वैद्यकाला मान्य, ना आयुर्वेदाला. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात आदिवासी बाया टाकळा, कुर्डू, शेवळे घेऊन बसतात. त्या भाज्यांमागे कोणी जाहिरात करीत नाही, पण चोथा त्यांतही आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या सूचनांनुसार दिवसाला सुमारे चारशे ग्रॅम भाज्या पोटात जायला हव्यात. पनवेलहून हार्बरच्या गाडीने तास-सव्वा तास प्रवास करून नोकरी गाठणारी बाई यांतले किती खाते? कोशिंबीर ताटात डाव्या बाजूला वाढायची पद्धत आहे, पण ती सर्वांना वाढून झाल्यावर तिच्या वाट्याला भांड्याच्या तळाचे पाणीच उरते. तिच्या आरोग्याची काळजी असेल, तर घरातल्यांनी तिची वाटी आधी भरावी, तिच्या तक्रारीला ‘बायकांचे असेच असते’ म्हणून झटकू नये आणि पाळी बिनसली तर तिला वेळेवर डॉक्टरकडे न्यावे. कोशिंबीर जरूर खावी. ती चविष्ट आहे, स्वस्त आहे, पोटाला बरी आहे. तिच्या माथी दवाखान्याचे काम मात्र मारू नये.