कुपीतली मिसळ

हल्ली आपल्या घरातल्या तरुण पोरांच्या तोंडी 'पेप्टाइड' हा शब्द फार येतो. बीपीसी-१५७, टीबी-५०० आणि जीएचके-कॉपर, तिन्ही एकाच कुपीत! दुखावलेला स्नायू भरून येतो, वर कातडी तुकतुकीत होते म्हणे. मी मराठी माध्यमातला बी. ए. मास्तर, पण या प्रकाराला माझा साफ विरोध आहे.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. त्यात वाईट काही नाही. इन्शुलिनही तेच. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं, तेव्हा अर्क अशुद्ध होता. टोचल्या जागी गळू झालं. कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला, १२ दिवसांनी पुन्हा दिला, तेव्हा कुठे गुण आला. आता मला सांगा, कुरियरनं आलेल्या या कुपीचा कॉलिप कोण?

माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्यात जिमला जातो. तो म्हणतो, "आजोबा, यावर संशोधन झालंय." झालंय ना! बीपीसी-१५७ वरचं बहुतेक उंदरांवर. २०२२ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं खेळाडूंना त्याची बंदी केली. जीएचके १९७३ मध्ये पिकार्ट यांना माणसाच्या रक्तातच सापडलं, हे खरं. पण मलमात लावणं वेगळं आणि सुईनं टोचणं वेगळं. तिन्ही एकत्र देऊन माणसांवर नीट चाचणी झालेलीच नाही. उद्या अंगावर पुरळ उठलं तर दोष तिघांतल्या कुणाचा, हे डॉक्टरनं ओळखायचं कसं? शिवाय नव्या रक्तवाहिन्या फुटतात हा याचा गुण सांगतात. अहो, कॅन्सरच्या गाठीलाही वाढायला त्याच लागतात! त्याच्याच कुपीवर बारीक अक्षरांत छापलंय, 'संशोधनासाठी, माणसांसाठी नाही'. त्याला वाचून दाखवलं. हसला.

जखमा भरण्याचीच एवढी काळजी असेल, तर आपल्या धारूर-वडवणीकडे बघा. दिवाळीच्या सुमारास माणसं ऊसतोडीला जातात. कोयता बोटावर बसला तर हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि पुढची मोळी उचलायची. सरकारी दवाखान्यात धनुर्वाताची सुई फुकट मिळते, पण तिथं जायचं तर दिवस मोडतो आणि मुकादम खाड्याचा दंड लावतो. म्हणून ती सुई राहून जाते. आणि इकडे धडधाकट पोरं पदरचे हजारो रुपये मोजून नको ती सुई टोचून घेतात.