दुकानाला दोष देण्यापूर्वी

‘वाड्याचे दुकान झाले’ हे वाक्य आपल्या साहित्यव्यवहारात ऱ्हासाची खूण म्हणून इतके रुळले आहे, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. नांदेड-लातूरच्या बाजारपेठांपुरते तरी ते मला खोटे वाटते.

लातूरची गंजगोलाई घ्या. 1917 साली, निजामी राजवटीत, फैयाजुद्दीन यांनी आखलेली ही वर्तुळाकार पेठ. सोळा रस्ते तिला येऊन मिळतात. पेठेच्या आधाराने जगणाऱ्या गावात रस्त्याला तोंड करून बांधलेला सावकाराचा वा आडत्याचा वाडा दुकानापासून वेगळा कधी होता? ढाळजेत गादी-तक्के, चोपड्या, तराजू. आत चौक, ओसरी, माजघर. व्यापार पुढे, संसार मागे. आज ढाळजेच्या जागी लोखंडी शटर आले आणि मोबाईलची दुकाने लागली, एवढेच. ते कुरूप आहे, हे कबूल. पण त्याला परका घुसखोर समजणे हा इतिहास नव्हे.

हा शोकसूर आपण घेतला कोठून? एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे 1985 सालचे नाटक थोर आहे, पण तो विदर्भातील देशपांड्यांचा, जमिनीवर जगणाऱ्या घराण्याचा वाडा आहे. तो उचलून आपण सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यावर ठेवला. आमच्याकडे ‘चिरेबंदी’ असे ते पुष्कळदा दर्शनी भागापुरतेच; बाकी भिंत म्हणजे ओबडधोबड दगड आणि माती. वर लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर पेललेले माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला त्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडे. पिढ्यान्‌पिढ्या छत जड होत गेले.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या जडपणाचा हिशेब मागितला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसे झोपेतच दगडमातीखाली गेली. पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट मात्र पुष्कळ ठिकाणी दिसली: भिंती ढासळल्या, पण आतला लाकडी सांगाडा उभा राहिला. म्हणजे दोष सरसकट वाड्याचा नव्हता. भिंतीत आरपार बांधणीचे दगड नव्हते आणि छतावर मातीचा अतोनात बोजा होता. हा भेद लोकांच्या भीतीने केला नाही, आणि त्यांना मी दोष देणार नाही. ज्याने ढिगाऱ्यातून आपली लेकरे काढली, त्याला सागाच्या खांबाचे कौतुक कोण सांगणार? आपण मात्र तो करायला हवा होता. वाडा आपल्याला प्रतीक म्हणून इतका सोयीचा होता, की तो एक बांधकाम आहे याचाच विसर पडला.

नांदेडात वेगळे घडले. 2008 च्या गुरुता-गद्दी त्रिशताब्दीसाठी रस्ते रुंद झाले. रस्ता रुंद होतो तेव्हा वाड्याचे तोंडच आधी जाते, आणि तोंडाशीच तर दुकान असते. उरलेल्या अर्ध्या वाड्यात जो गाळा चालतो, त्याच्या भाड्यावर कधी कधी मागच्या खणांची डागडुजी होते. ज्याला आपण मारेकरी म्हणतो, तो असा अधूनमधून पोशिंदा निघतो.

आणखी एक, थोडे बोचणारे. वाड्याचे विलापगीत नेहमी माजघरातून गायले जाते. ढाळजेच्या पायरीखाली ज्याला उभे केले जाई, त्याच्या बाजूने तेच घर कसे दिसत होते? चौकापलीकडे ज्यांना कधी प्रवेश नव्हता, त्यांची पोरे आज त्याच दारातून आत जाऊन काउंटरवर कोपर टेकून भाव विचारतात. हे स्थित्यंतर आपल्या समीक्षेला ‘ऱ्हास’ या एका शब्दात बसवता येते, याचे मला नवल वाटते.

कंधार, औसा, उदगीरचे किल्ले इतिहासाच्या पुस्तकात आहेत. पेठेतले वाडे कोठेच नाहीत. ‘वाडा : एक प्रतीक’ असा प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मार्गदर्शकांनी आधी एक मोजपट्टी द्यावी आणि इतवाऱ्यात पाठवावे. शटरच्या मागे, पुठ्ठ्यांच्या खोक्यांआड, नक्षीचे खांब अजून सापडतील. दुकानदाराला विचारून आत जावे. खण किती, तुळई कोणत्या लाकडाची, माळवदावर माती किती बोटे, हे लिहून घ्यावे. शोक नंतर करता येईल.