साक्षीदार अनेक, जबानी मात्र एकच!

‘खऱ्या अफवांवर आधारित’ अशी स्वतःच जाहिरात करीत २५ मे २००७ रोजी ‘शूटआउट अ‍ॅट लोखंडवाला’ हा हिंदी चित्रपट पडद्यावर आला. वकिली करणाऱ्या माणसाला ही जाहिरात वाचूनच हसू येते. अफवेला साक्षीच्या पिंजऱ्यात जागा नसते. सिनेमावाल्यांनी मात्र तिच्यावर धंदा उभा केला. हा चित्रपट टीव्हीवर आणि मोबाईलवर आजही पाहिला जातो. त्यातले ‘गणपत’ गाणे आपल्या जळगाव-धुळ्याच्या वरातींत वाजले आणि आपलीच पोरे त्यावर नाचली. म्हणूनच या चित्रपटाची उलटतपासणी आवश्यक आहे.

मूळ घटना १६ नोव्हेंबर १९९१ ची. मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील स्वाती इमारतीला ए. ए. खान यांच्या नेतृत्वाखाली पोलिसांनी वेढा घातला. कित्येक तास गोळीबार चालला. माया डोळस, दिलीप बुवा यांच्यासह सात जण मारले गेले. हे लोक संत नव्हते. खंडणी आणि खून हाच त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या गळ्यात हार घालावा, असे कुणीही म्हणणार नाही.

दिग्दर्शक अपूर्व लाखिया यांनी या घटनेची मांडणी मोठी आकर्षक योजली. तीन पोलीस अधिकारी ढिंग्रा नावाच्या वकिलासमोर बसतात. अधिकारी झाले आहेत संजय दत्त, सुनील शेट्टी आणि अरबाज खान. वकील आहेत अमिताभ बच्चन. ढिंग्रा प्रश्न विचारतात, अधिकारी सांगतात आणि कथा मागे-पुढे जाते. कधी पोलिसांच्या नजरेने, कधी टोळीच्या, कधी टीव्हीवरच्या पत्रकार महिलेच्या नजरेने घटना दिसते. प्रेक्षकाला वाटते, आता खरे काय ते उलगडणार!

आणि इथेच घोर निराशा होते. एकच घटना अनेकांच्या तोंडून सांगायची, तर त्या जबान्या एकमेकींना छेद देणाऱ्या हव्यात. जपानच्या अकिरा कुरोसावा यांनी १९५० साली ‘राशोमोन’मध्ये हेच केले. एका सामुरायाच्या मृत्यूची हकीकत चार जण सांगतात आणि चारही हकीकती वेगळ्या निघतात. प्रेक्षकाला स्वतःच न्यायाधीश व्हावे लागते. ‘लोखंडवाला’त साक्षीदार बदलतात, जबानी बदलत नाही. कुणीही कुणाला खोटे पाडत नाही. गुंड स्वतःच्या तोंडाने तेच सिद्ध करतात, जे पोलीस आधीच सांगून बसले आहेत. शेवट ठाऊक, वाद कसला नाही. मग थरार उरणार कुठून? उरतो तो लांबलचक गोळीबार आणि फुटलेल्या काचा! थोडक्यात, पोलिसांचे प्रसिद्धीपत्रकच रंगीत करून दाखवले आहे. कारवाईचे प्रमुख ए. ए. खान स्वतःही या चित्रपटात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याच्या भूमिकेत दिसतात, यातच सर्व आले.

सर्वात मोठी निराशा वकिलाने केली आहे. तो शेवटी न्यायालयात विचारतो की, तुमच्या दाराबाहेर बंदूक घेऊन कुणीतरी उभे असेल, तर तो माया असावा की हे अधिकारी? टाळ्यांसाठी प्रश्न छान आहे, पण कायद्याचा प्रश्नच तो नाही. कायदा विचारतो की आरोपीला जिवंत पकडणे शक्य होते का? स्वसंरक्षणासाठी जेवढे बळ लागते, तेवढेच वापरले का? गोळी किती अंतरावरून आणि कुठून लागली? पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि स्वतंत्र साक्षीदार यांचे काय? हे सारे वगळून दिलेला निकाल हा निकाल नसतो, ती लोकप्रियता असते.

यात आपल्या खानदेशाचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. संबंध आहे! ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणून गाजलेले प्रदीप शर्मा हे आपल्या धुळ्यात वाढलेले. ११ नोव्हेंबर २००६ रोजी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया आणि त्याचा मित्र अनिल भेडा यांना वाशीतून उचलण्यात आले. त्याच संध्याकाळी वर्सोव्यात लखनभैया चकमकीत मारला गेल्याचे पोलिसांनी जाहीर केले. सिनेमा असता तर इथेच संपला असता. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला पळवून नेल्याच्या तारा आणि फॅक्स त्याने मृत्यूची बातमी येण्याआधीच वरिष्ठांकडे पाठवले होते. ही झाली दुसरी जबानी, पहिलीला छेद देणारी!

त्या जबानीची किंमत काय मोजावी लागली? प्रत्यक्षदर्शी अनिल भेडा २०११ साली साक्षीच्या तोंडावर बेपत्ता झाला आणि पुढे त्याचा मृतदेह मिळाला. तरीही २०१३ साली सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली. शर्मा तेव्हा निर्दोष सुटले. १९ मार्च २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप दिली, त्याच वेळी इतर काही आरोपींना सोडलेही. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले. तो त्यांचा हक्कच आहे. कायद्याने त्यांना दिलेली ही संधी चकमकीत मेलेल्या माणसाला मिळत नाही.

मुंबईत १९९५ ते १९९७ या काळात सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसे मारली गेली. त्या प्रश्नावर २३ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १६ मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. चकमकीत मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवा, तपास स्वतंत्र यंत्रणेकडे द्या, दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी करा, लगोलग बढत्या आणि शौर्यपदके वाटू नका. बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूर प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला आणि लोकांनी पेढे वाटले! आरोप अत्यंत घृणास्पद होता; त्या बालिकांना न्यायालयातून निकाल मिळण्याचा हक्क होता. तोही त्या गोळीने हिरावला. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांच्या स्वसंरक्षणाच्या दाव्यावरच संशय व्यक्त केला. पेढे वाटणाऱ्यांना ही सवय कुणी लावली? अशाच सिनेमांनी.

आज टाळी वाजवणाऱ्या आपल्या तरुणांनी परभणी आठवावी. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर डिसेंबर २०२४ मध्ये धरपकड झाली. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत मरण पावला. सरकारची जबानी होती की मारहाण झालीच नाही, त्याला आजार होता. शवविच्छेदनाची जबानी होती की अंगावर अनेक जखमा आहेत. त्याच्या आईने ही दुसरी जबानी न्यायालयात नेली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला.

माया डोळस आणि सोमनाथ यांची बरोबरी होऊच शकत नाही. एक गुंड होता, दुसरा संविधानासाठी रस्त्यावर उतरलेल्या समाजाचा मुलगा. पण पोलीस सांगतील तेच सत्य, ही सवय एकदा लागली की ती माणूस पाहून थांबत नाही. बाबासाहेबांनी संविधानात २१ वे कलम लिहिताना जगण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला, फक्त सज्जनांना नाही. गुंडासाठी तो मोडला की आपल्या वस्तीसाठीही मोडतो.

तेव्हा तरुणांनी सिनेमा जरूर पाहावा, गाण्यावर नाचावेही. पण पडद्यावर चार साक्षीदार एकाच सुरात बोलू लागले की पाचवा कुठे आहे, हे विचारावे. बहुधा तो आपल्यातलाच असतो, आणि त्याची जबानी कुणी घेतलेली नसते!