पंख्यातलं तांबं, मोबाइलमधलं सोनं

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात दोन बंद मिक्सर, एक टेबल फॅन, जुना स्टॅबिलायझर, डब्यासारखा जाडजूड टीव्ही आणि पिशवीभर जुने मोबाइल पडून आहेत. भंगारवाला सगळ्याचे मिळून तीनशे रुपये देतो म्हणतो. दहावीतला मुलगा म्हणतो, "अम्मी, देऊ नकोस. मोबाइलमधून सोनं निघतं, मी व्हिडिओ पाहिलाय." कुणाचं ऐकावं?

आम्ही म्हणू, भंगारवाल्याचा भाव लगेच कबूल करू नका आणि मुलाचं सोनं विसरा. मात्र मुलाच्या हातात एक लोहचुंबक आणि एक कानस जरूर द्या.

चुंबक चिकटला की लोखंड. तांबं, पितळ, ॲल्युमिनिअम यांना तो चिकटत नाही. (स्टेनलेस स्टीललाही बहुतेकदा चिकटत नाही, तेव्हा चिकटलं नाही म्हणजे महागच, असं समजू नये.) मग कानस. प्लगच्या पांढऱ्या चकचकीत पिनेवर कानस घासली आणि आतून पिवळं निघालं तर ते पितळ, वर नुसता निकेलचा मुलामा. लाल निघालं तर तांबं.

खरी फसगत होते ती मोटारीच्या वायंडिंगमध्ये. पंखा उघडला की तांबूस तारेचं वेटोळं दिसतं आणि माणूस खूश होतो. पण तो रंग पुष्कळदा तारेवरच्या वार्निशाचा असतो. स्वस्त पंखे, मिक्सर, स्टॅबिलायझर यांत ॲल्युमिनिअमची तार सर्रास असते. ब्लेडने खरवडून पाहावं, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनिअम. काही तारांवर तांब्याचं खरंखुरं पातळ आवरण असतं. ती तार पक्कडीने कापून टोक पाहावं, मधला गाभा पांढरा दिसतो. वजनही बोलतं. एकाच आकाराच्या तुकड्यांत तांबं ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड भरतं. भावातही दोघांत मोठा फरक आहे. म्हणून भंगारवाल्याने मोटार हातात घेऊन "ॲल्युमिनिअम आहे" म्हटलं, तर आपणही खरवडून दाखवावं. तो बिचारा दरवेळी खोटं बोलतो असं नाही, पण आपल्याला माहीत असलं की सौदा बरा होतो.

चांदीही असते. जुन्या जाड स्विचमध्ये, रिलेमध्ये, पंपाच्या स्टार्टरमध्ये जिथे दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, तिथे मसुरीच्या दाण्याएवढी पांढरी टिकली बसवलेली असते. ती चांदीच्या मिश्रधातूची असते. पण जुन्या टिकल्यांत कॅडमिअम मिसळलेलं असू शकतं, म्हणून त्या घासू नयेत, तापवूही नयेत. पट्टीसकट काढून ठेवाव्यात.

आता मुलाचं सोनं. मोबाइलच्या बोर्डावर, सिमकार्डावर, कॉम्प्युटरच्या रॅमच्या कडेला पिवळे ठिपके आणि पट्ट्या दिसतात. ते खरोखर सोनं आहे. पण तो थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा नाही. टोकिओ ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवली होती. त्यासाठी जपानी लोकांनी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत सुमारे ७९ हजार टन लहान उपकरणं दिली, त्यात ६२ लाखांच्या आसपास मोबाइल होते. सोनं निघालं ३२ किलो. गणित मुलालाच करायला सांगा. एका टनामागे अर्धा ग्रॅमही येत नाही, आणि तेही कारखान्यातल्या भट्ट्यांमधून.

सराफाच्या दुकानातली राख-माती धुऊन सोन्याचे कण वेगळे करणाऱ्याला मराठीत झारेकरी म्हणतात, उर्दूत नियारिया, म्हणजे न्यारं करणारा. जुनं, कसबी काम. तोही तेजाब वापरतो, पण पिढ्यान्‌पिढ्या शिकून. व्हिडिओतला माणूस प्लॅस्टिकच्या बादलीत नायट्रिक ॲसिड ओततो तेव्हा नारिंगी-तपकिरी धूर निघतो. तो फुप्फुसात गेला तर त्रास कधीकधी काही तासांनी उमटतो, आणि तोवर माणूस निर्धास्त असतो. उरलेलं ॲसिड कुठे ओतलं, हे तर व्हिडिओत दाखवतच नाहीत.

मुरादाबादला, पितळेच्या भांड्यांच्या त्या गावात, अनेक वस्त्यांतून बोर्ड जाळून तांबं काढण्याचं काम चालत आलं आहे. त्याची काळी राख रामगंगेच्या काठावर ढिगांनी पडली. आपल्याकडे कुर्ला, साकीनाका भागातही कितीतरी घरांची चूल भंगारावर पेटते. ती कष्टाची कमाई आहे, तिला नाक मुरडणाऱ्यांतले आम्ही नाही.

तरीही जाळण्याबद्दल बोललंच पाहिजे. आमच्या वर्गातला एक मुलगा दर सोमवारी खोकत यायचा. विचारलं तर म्हणाला, रविवारी रात्री गच्चीवर अब्बू वायर जाळतात, मी काठीने हलवतो. आम्ही घरी गेलो. वडील अदबीने बोलले, चहा दिला, आणि म्हणाले, "सर, छीलने बैठेंगे तो दिन भर में कितना होगा?" प्रश्न खोटा नव्हता. आम्ही सांगितलं ते एवढंच: वायरवरचं आवरण पीव्हीसीचं असतं, त्यात क्लोरीन असतं. जळताना त्यातून आम्लाचा वायू आणि डायऑक्सिनसारखी विषं निघतात. जुन्या आवरणांत शिसंही असतं. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि त्याची कुठलीही मात्रा सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. ते राखेतून, कपड्यांवरून घरात येतं, रांगणाऱ्या बाळापर्यंत पोचतं. शिवाय जळून काळवंडलेल्या तांब्याला सोललेल्या लखलखीत तांब्याचा भाव मिळत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. मुलाची आई दारामागून ऐकत होती. "बाळापर्यंत" हा शब्द तिने दोनदा विचारून घेतला.

पुढे त्यांनी हाताने फिरवायचं सोलण्याचं यंत्र घेतलं. जाड वायर आता सोलली जाते. बारीक वायर अजून जळते, पण मुलगा गच्चीवर जात नाही. बारीक वायर आवरणासकट विकावी, हे आम्ही अजूनही सांगतोच आहोत.

तर भगिनी, तुमच्या सामानाचं असं करा. मिक्सर, पंखा, स्टॅबिलायझर यांची वायर आधी कापून टाका, म्हणजे कुणी चुकून प्लग लावणार नाही. लोखंड, तांबं, ॲल्युमिनिअम, पितळ वेगवेगळं ठेवा आणि दोन ठिकाणी भाव विचारून समोर काट्यावर मोजून द्या. हे काम जुन्या कपड्यांत, घराबाहेर करावं, नंतर साबणाने हात धुवावेत. मोबाइल उघडू नका. फुगलेली बॅटरी टोचली गेली तर पेट घेते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार नोंदणी झालेल्या पुनर्वापर केंद्रांकडे हा माल जायला हवा. तुमच्या नगरपालिकेत किंवा मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रात जमा करण्याची सोय विचारा. तिथे पैसे मिळतीलच असं नाही.

ट्यूबलाइट, सीएफएल फोडू नका, त्यांत पारा असतो. आणि तो जाड टीव्ही मुलाला अजिबात उघडू देऊ नका. त्याच्या काचेत शिसं आहे, नळीत निर्वात पोकळी आहे, फुटली तर काचा अंगावर येतात. बंद केल्यावरही आत विजेचा झटका शिल्लक असू शकतो. तो मागचं झाकणही न काढता, आहे तसाच जाऊ द्या.