नंबर डोळ्याचा वाढलाय की मॉनिटरचा?

“मॅडम, चष्म्याचा नंबर परत वाढलाय बहुतेक. अक्षरं फुटतायत.”

घरून काम सुरू झाल्यापासून हे वाक्य माझ्या ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की ते ऐकलं की मी आता आधी टॉर्च उचलत नाही, प्रश्न विचारते: “कशावर फुटतायत?”

विरारच्या ग्लोबल सिटीत राहणारी एक मुलगी आली होती, वय सत्तावीस-अठ्ठावीस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आठवड्यातले तीन दिवस घरून काम, दोन दिवस विरार फास्टने अंधेरी. दुपारनंतर कपाळ जड होतं, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटतं, ओळी वाचताना शब्द सुटतात. दीड वर्षात तीन चष्मे झाले होते. प्रत्येक वेळी पाव नंबर इकडे नाहीतर तिकडे, आणि प्रत्येक वेळी वर ‘ब्लू कट’चे वेगळे पैसे. शेवटी कुणा नातेवाइकाने “डोक्यात गाठबीठ नाही ना, बघून घे” असं सांगितलं आणि ती घाबरली. माझ्याकडे आली ती एमआरआय करून घेऊ का, हे विचारायला.

तपासलं. दोन्ही डोळ्यांची नजर ६/६. डोळ्यांचा दाब ठीक, मागचा पडदा ठीक, शीर ठीक. थोडा कोरडेपणा होता, पण तो या वयात आणि या कामात अर्ध्या जगाला असतो. मग विचारलं, “लॅपटॉपच्या स्क्रीनवर पण अक्षरं फुटतात?”

ती थांबली. “नाही. लॅपटॉपवर नाही. ट्रेनमध्ये मोबाइलवर पण नाही. फक्त मोठ्या स्क्रीनवर.”

झालं. तीन चष्म्यांचे पैसे गेल्यावर मिळालेलं उत्तर. डोळा एकच, चष्मा एकच. एका पडद्यावर अक्षर स्वच्छ दिसतं आणि दुसऱ्यावर फुटतं. मग दोष कुठे आहे?

माझं मत स्पष्ट सांगते, आमच्या व्यवसायातल्या काहींना आवडणार नाही. स्क्रीनसमोर आठ-नऊ तास बसणाऱ्या माणसाला, तो कोणत्या स्क्रीनसमोर आणि किती अंतरावर बसतो हे न विचारता चष्मा लिहून देणं म्हणजे पोट दुखतंय म्हणणाऱ्याला काय खाल्लं हे न विचारता गोळी देण्यासारखं आहे. मीही हे वर्षानुवर्षं केलंय.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय दुकानातला माणूस तुम्हाला गुंडाळेल. आमच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मूळचा स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरचा, १८६२ सालचा. त्याचा आधार असा: निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. ६/६ नजर म्हणजे तेवढंच. ६० सेंटिमीटर अंतरावर हा भाग साधारण ०.१७ मिलिमीटर भरतो. मॉनिटरवरचं चित्र बारीक ठिपक्यांचं असतं. ठिपका याच्यापेक्षा लहान असेल तर डोळ्याला सलग रेष दिसते. मोठा असेल तर पायऱ्या दिसायला लागतात. तरुण डोळा तर पुष्कळदा ६/६ पेक्षाही चांगलं बघतो, म्हणजे त्याला आणखी लवकर दिसतात.

१५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपचा ठिपका सुमारे ०.१८ मिलिमीटरचा. तेवढीच फुल एचडी प्रतिमा २७ इंची मॉनिटरवर ताणली की ठिपका होतो ०.३१ मिलिमीटरचा. जवळजवळ पावणेदोन पट. तो सलग दिसावा म्हणून तुम्हाला एक मीटरपेक्षाही लांब बसावं लागेल. त्या मुलीचं टेबल होतं भिंतीला लावलेलं, घडीचं. डोळ्यापासून मॉनिटर ४५ सेंटिमीटरवर. वन बीएचकेमध्ये दुसरं काय करणार? आपल्याकडे घरं लहान, टेबलं अरुंद आणि मॉनिटर मात्र सेलमधला सगळ्यात मोठा.

काही घरांत तर हॉलमधला ३२ इंची टीव्हीच लॅपटॉपला जोडलेला असतो. त्यातला एचडी रेडी असेल तर ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा. सिनेमा सोफ्यावरून बघायला ते ठीक आहे. एक्सेल बघायला नाही. शिवाय टीव्ही बरेचदा चित्राच्या कडा कापून बाकीचं थोडं ताणतो आणि वर स्वतःची कृत्रिम ‘शार्पनेस’ लावतो, त्याने अक्षराभोवती पांढरी झालर येते. टीव्हीच वापरायचा असेल तर त्या जोडणीला सेटिंगमध्ये ‘पीसी’ असं नाव द्या, बऱ्याच टीव्हींवर एवढ्याने फरक पडतो.

हर्ट्झचं काय?

तिच्या मॉनिटरवर मोठ्या अक्षरांत १६५ हर्ट्झ लिहिलं होतं आणि त्याचे तिने जास्त पैसे मोजले होते. “डोळ्यांना चांगलं असतं म्हणाले.” हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र काढतो. ६० हर्ट्झला एक चित्र साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास टिकतं, १४४ हर्ट्झला सातच्या आत. गेम खेळताना किंवा पान भराभर वरखाली सरकवताना हा फरक जाणवतो, छान वाटतो. पण स्थिर उभं असलेलं ‘क्ष’ हे अक्षर ६० वेळा काढा नाहीतर १६५ वेळा, त्यातले ठिपके तेवढेच राहतात. वाचणाऱ्या माणसाने हर्ट्झ विकत घेणं म्हणजे स्वयंपाकघरात उजेड कमी पडतो म्हणून पंखा मोठा लावणं.

उलट एक गंमत आहे, आणि ती मला स्वतःच्याच क्लिनिकमध्ये कळली. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो नीट दिसावेत म्हणून मी ४के मॉनिटर घेतला, १२० हर्ट्झचा. लॅपटॉपला एका छोट्या अडॅप्टरमधून जोडला. फोटो सुंदर दिसायचे. पण लॅबच्या रिपोर्टमध्ये वाढलेली साखर लाल अक्षरांत छापून येते, ते लाल आकडे पुसट, शाई पसरल्यासारखे दिसायचे. काळे आकडे मात्र बरे. पंधरा दिवस मी माझ्याच चष्म्यावर संशय घेतला. शेवटी इंजिनिअर भाच्याने येऊन सेटिंगमध्ये १२० चे ६० हर्ट्झ केले आणि लाल आकडे पुन्हा ठसठशीत झाले.

कारण ऐकून मला हसू आलं, कारण ते आमच्याच पुस्तकातलं आहे. माणसाचा डोळा उजेड-अंधाराचा तपशील फार बारीक टिपतो, रंगाचा तपशील त्या मानाने भरड. टीव्हीवाल्यांनी याचा फायदा घेतला: उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची पाठवायची, रंगाची दोन किंवा चार ठिपक्यांत मिळून एकदाच. सिनेमात कुणाला कळत नाही. पण अक्षराची कड एकदोन ठिपक्यांचीच असते, तिथे रंग शेजाऱ्याकडे सांडतो. वायरीतून जाणाऱ्या माहितीला मर्यादा आहे. जुन्या १.४ जातीच्या एचडीएमआयमधून ४के चित्र पूर्ण रंगात सेकंदाला ३० वेळाच जातं, २.० मधून ६० वेळा. तुम्ही त्याहून जास्त हर्ट्झ मागितले की काही यंत्रं नकार देतात आणि काही मुकाट्याने रंग कापतात. यूएसबी-सीच्या डॉकमध्ये तर त्याच वायरीतून पेनड्राइव्ह आणि नेटही जात असतं.

घरी करून बघा: काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं लिहा, मग पांढरी. पांढरी स्वच्छ आणि लाल पसरलेली दिसली तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे येण्याआधी हर्ट्झ कमी करून बघा, किंवा मॉनिटरच्या रंगाच्या सेटिंगमध्ये ‘आरजीबी’ निवडा. लॅपटॉप आणि मॉनिटर दोघांनाही डिस्प्लेपोर्ट चालत असेल तर ती वायर वापरा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात, कारण तो माझा प्रांत नाही. विंडोजवर आधी मॉनिटरचं मूळ रेझोल्यूशन निवडलंय ना हे पाहा. अक्षरं लहान वाटतात म्हणून रेझोल्यूशन खाली आणू नका, त्याऐवजी स्केल १२५ किंवा १५० टक्के करा. मग स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ शोधून त्यातले पाच-सहा नमुने बघून सर्वांत स्वच्छ वाटेल तो निवडा. अ‍ॅपलने २०१८ मध्ये अक्षरांच्या कडा रंगांच्या मदतीने गुळगुळीत करण्याची जुनी पद्धत डिफॉल्ट म्हणून बंद केली, त्यामुळे मॅकबुकच्या स्वतःच्या पडद्यावर उत्तम दिसणारी अक्षरं साध्या मॉनिटरवर पातळ आणि धुरकट वाटतात. अनेक मॅकवाले मला सांगतात, “लॅपटॉपसारखं दिसत नाही हो.” नाहीच दिसणार. तिथे दाट ठिपक्यांचाच मॉनिटर लागतो. २७ इंची ४के मध्ये ठिपका ०.१६ मिलिमीटरच्या आत येतो.

ब्लू कटचं विचारालच. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. साध्या काचेच्या तुलनेत निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेने डोळ्यांचा थकवा, निदान थोड्या काळात, कमी होत नसावा असाच निष्कर्ष निघाला. मी ती काच लिहून देत नाही. आवडत असेल तर घ्या, पण औषध समजून घेऊ नका.

थकवा येतो तो कशाने? अक्षर धूसर दिसलं की आपण मान पुढे काढतो, डोळे बारीक करतो आणि पापण्या मिटायचं विसरतो. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास होणारी उघडझाप स्क्रीनसमोर निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. वर पंख्याचा झोत सरळ तोंडावर. आपल्याकडच्या उकाड्यात पंखा बंद करा असं मी म्हणणार नाही, फक्त त्याची दिशा बदला. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा हा नियम तुम्ही ऐकला असेल. एव्हरशाइनच्या काही इमारतींत खिडकीतून समोरच्यांचं स्वयंपाकघरच दिसतं, मग वीस फूट आणायचे कुठून? गॅलरीत जाऊन आकाशाकडे बघा. तुंगारेश्वरचा किंवा जीवदानीचा डोंगर दिसत असेल तर तुम्ही नशीबवान.

चाळिशी ओलांडलेल्यांसाठी वेगळी गोष्ट. तुमचा वाचायचा नंबर पुस्तकासाठी, म्हणजे साधारण ४० सेंटिमीटरसाठी काढलेला असतो. मॉनिटर असतो ६५-७० वर. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मग हनुवटी वर करून खालच्या काचेतून बघावं लागतं आणि लोक मानेचा एक्स-रे काढायला जातात. मॉनिटरच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या, हा खर्च मात्र वाया जात नाही.

त्या मुलीला मी नवा चष्मा दिला नाही आणि एमआरआयही सांगितला नाही. टेबल भिंतीपासून पुढे ओढून मॉनिटर ७५ सेंटिमीटरवर, स्केल १२५ टक्के, शार्पनेस कंपनीने दिली तेवढी, आणि कोरडेपणासाठी थेंब. तीन आठवड्यांनी डोकं दुखणं आठवड्यातून एकदावर आलं होतं. पूर्ण थांबलं नव्हतं. मॉनिटर तिने भावाला दिला, त्याला गेमसाठी हवाच होता.

पण हे वाचून प्रत्येक धुरकट अक्षराचं खापर मॉनिटरवर फोडू नका. नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ, पन्नाशीचे, हिशेबाचं काम करणारे. त्यांनी आधी वायर बदलली, मग मॉनिटर बदलला, मग मुलाकडून सगळी सेटिंग्ज बदलून घेतली. तीन महिने गेले. एक्सेलच्या उभ्या रेघा मध्येच वाकड्या दिसतात, एवढीच तक्रार. मी त्यांचा उजवा डोळा झाकला आणि ते गप्प झाले. डाव्या डोळ्याने त्यांना तक्त्याच्या वरच्या दोनच ओळी वाचता आल्या. मधुमेह बारा वर्षांचा, डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नव्हता, आणि त्याच्या मध्यभागी सूज आली होती. इंजेक्शनं सुरू केली आहेत. थोडी नजर परत आली आहे. तीन महिने आधी आले असते तर जास्त वाव होता.

म्हणून मॉनिटरला हात लावण्याआधी हे करा. चष्मा घालून एक डोळा तळहाताने झाका, न दाबता, आणि तीच ओळ वाचा. मग दुसरा. दोन्हींत फरक वाटला, सरळ रेघ वाकडी दिसली, एकाचं दोन दिसलं, अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसली, नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटलं, किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर वायर, हर्ट्झ, सेटिंग सगळं सोडून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर काहीही होत नसलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.

आणि तक्रार मॉनिटरचीच असेल तर येताना घरची मेजरिंग टेप काढून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून आणा. “एक हात असेल” असं सांगू नका. सोबत आणलेल्या नवऱ्याचा हात पुढे करून मोजमाप दाखवणारेही मी पाहिलेत.