गल्फला बायको-मुलं नेणार? आधी कागदावरचा पगार बघा

हातखंबा : तिठ्यावर रात्री मुंबईच्या गाडीची वाट बघणाऱ्यांत मोठ्या बॅगा घेतलेला एखादा गल्फवाला असतोच. रत्नागिरी तालुक्यातल्या वाड्या-मोहल्ल्यांतून कुवेत, सौदी, दुबई, कतारला गेलेली माणसं काही कमी नाहीत. सुट्टी संपत आली की घरात एकच विषय निघतो, "आम्हाला कधी नेणार?" उत्तर ठरलेलं, "पुढच्या वर्षी बघू." कितीतरी घरांत हे पुढचं वर्ष येतच नाही. यात दोष दरवेळी नवऱ्याचा नसतो. तिकडचा कायदाच तसा आहे.

गल्फमध्ये नुसतं लग्न झालंय म्हणून बायकोला नेता येत नाही. माणूस स्वतः कुटुंबाचा स्पॉन्सर होतो आणि तिथलं सरकार आधी त्याचा पगार तपासतं.

दुबई-अबूधाबीकडे म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत २०१९ साली हुद्द्याची अट निघाली. आता महिना ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय. ४,००० दिरहम म्हणजे आपले नव्वद हजारांच्या वर.

कुवेतने २०२२ मध्ये फॅमिली व्हिसा बंदच केला होता. जानेवारी २०२४ मध्ये तो उघडला, पण ८०० दिनार पगाराची अट घालून. म्हणजे सव्वादोन लाखांच्या आसपास. पदवीची अट त्याच वर्षी जुलैत शिथिल झाली, पगाराची राहिली. साधा ड्रायव्हर, वेल्डर किंवा हॉटेलात काम करणारा पोरगा या आकड्याजवळ पोचणार कसा?

सौदीची तऱ्हा वेगळी. तिथे जुलै २०१७ पासून कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे फी लागली. सुरुवात महिना १०० रियालने झाली, दरवर्षी वाढत २०२० मध्ये ती ४०० वर गेली. बायको आणि दोन मुलं धरली तर महिन्याला १,२०० रियाल, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये नुसती फी. त्या काळात अनेक भारतीयांनी बायको-मुलं परत गावी पाठवली, ती यामुळेच.

बरं, व्हिसा मिळाला म्हणजे सुटलो असंही नाही. घरभाडं आणि भारतीय शाळेची फी खिशातूनच जाते. बायकोला वेगळ्या परवान्याशिवाय तिथे नोकरी करता येत नाही. सगळ्यात मोठं म्हणजे, हा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की सगळं घर परत. मग शाळेच्या मधल्या वर्षात पोरांना कुठे बसवायचं, हा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे इथला शाळेचा दाखला काढायची घाई करू नये.

एजंट इथेच गाठतात. व्हिजिट व्हिसा हातात देऊन "फॅमिली व्हिसा झाला" असं सांगितलं जातं. व्हिजिट व्हिसा म्हणजे भेटीपुरती परवानगी. मुदत संपल्यावर राहिलं तर दंड बसतो. दुसरी भीती ईसीआर पासपोर्टची दाखवतात. नोकरीला नाही, तर फक्त कुटुंब म्हणून जाणाऱ्याला ईसीआर असला तरी इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. त्याचे पैसे कोणी मागितले तर देऊ नयेत.

कागदांची तयारी मात्र आधीपासून हवी. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करून दाखला घ्यावा. दाखला, दोघांचे पासपोर्ट आणि मुलांचे जन्मदाखले यांत नावाचं स्पेलिंग एकच हवं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव वेगळं असेल तर तिथेच अर्ज अडतो. दुबई, कुवेतसाठी दाखल्यावर राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाची वकिलात असे शिक्के लागतात. सौदीला डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल चालतं.

पण खरी गोष्ट त्याच्याही आधी, गाव सोडतानाच ठरते. ओव्हरटाइम धरून हातात किती पडतात याला फॅमिली व्हिसात किंमत नाही, तिथे करारात आणि वर्क परमिटवर लिहिलेला पगार बघतात. एजंट तोंडी सांगतो एक आणि करारात असतं दुसरंच. सही करण्याआधी तो आकडा घरातल्या बाईनेही वाचावा. तिला कधी नेणार, याचं उत्तर त्या आकड्यातच असतं.