मोल सांगणारा आणि विकत घेणारा

आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, विकायची म्हणून कुणी दुकानात येते, तेव्हा त्यांना दोनच गोष्टी ठाऊक असतात: पेटी जुनी आहे आणि ती आजोबांची आहे. बाजारातली किंमत मात्र मुख्यतः आतल्या सुरांवर, म्हणजे पितळी पट्ट्यांवर, ठरते आणि ते पारखणे त्यांना जमत नाही, आपल्याला, पेटी दुरुस्त करणाऱ्यांना, जमते. म्हणूनच इथे आपली जबाबदारी मोठी आहे.

पेटी गिऱ्हाइकासमोरच उघडावी. सूर पॅरिसचे, जर्मन की पालिताण्याचे, सगळे मूळचे की काही बदललेले, पितळेवर कानस किती फिरली आहे, हे त्यांना दाखवावे. भात्याला भोके पडली, चामडे कसरीने खाल्ले, म्हणून भाव पाडू नये. भाता नवा बसतो, चामडे बदलता येते. घासलेले पितळ परत येत नाही. वाळवी लागली असेल, सुरांची फळी तडकली असेल, तर तेही स्पष्ट सांगावे. साध्या पेटीचा दुरुस्तीखर्च तिच्या किमतीहून जास्त होत असेल, तर ती एखाद्या भजनी मंडळाला किंवा शिकणाऱ्या मुलाला द्या, असे सुचवावे.

विक्रीआधी सूर जुळवण्याची घाई नको. फ्रान्सने १८५९ मध्ये ‘ए’ स्वर ४३५ हर्ट्झला निश्चित केला. आज तो ४४० धरतात. फरक सुमारे २० सेंटचा, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या भागाचा. पॅरिस सुरांची जुनी पेटी उतरलेली वाटण्याचे हे एक कारण असू शकते. प्रत्येक सूर टोकाशी घासून चढवला, तर जे विकायचे तेच आपण झिजवतो. सूर चढवायचे की नाही, हा निर्णय नव्या वादकाचा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोल सांगणारा आणि विकत घेणारा एकच असू नये. लाकडाच्या भावात पेटी घ्यायची आणि तिचे सूर काढून दुसऱ्या पेटीत चढ्या दराने विकायचे, ही फसवणूक आहे. मोल कागदावर लिहून द्यावे, त्याचा ठरलेला मेहनताना घ्यावा. पेटी आपल्यालाच हवी असेल तर तसे आधी सांगावे आणि दुसऱ्या कारागिराचे मत घ्यायला लावावे.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले. त्या काळात हे वाद्य जपले ते घरांनी, कीर्तनकारांनी आणि संगीत रंगभूमीने. त्याच घरांतली पेटी आज आपल्यापुढे येते आहे. तिचे खरे मोल सांगणे हे आपले कर्तव्य आहे.